३१ पोती: मुठेच्या काठावरचं एक प्रकरण

आषाढी एकादशी होऊन गेली होती. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही १७ जण राजाराम पूल आणि म्हात्रे पूल यांच्या मधल्या टप्प्यात पुण्यातल्या मुठेच्या पात्रात उतरलो आणि साडेतीन तासांत ३१ पोती कचरा भरला. पोत्यांची तोंडं नायलॉनच्या दोरीने आवळून बांधली, पात्रातच पाण्यापासून पंधरा-वीस पावलांवर तीन थरांत रचली, राशीमागे उभं राहून फोटो काढला आणि घरी गेलो. पोती उचलायला महापालिकेची गाडी सोमवारी सकाळी येणार होती. ती आली नाही. सोमवारी संध्याकाळी खडकवासल्यातून पाणी सोडलं, आणि मंगळवारी सकाळी मी पुलावरून वाकून पाहिलं तेव्हा रास होती त्या जागेवरून गढूळ पाणी वाहत होतं.

नदीकाठ साफ करायचा विचार असलेली मंडळी अधूनमधून आमच्याकडे येतात. सुरुवात कशी करायची, किती माणसं लागतात, हातमोजे कुठले घ्यायचे, असं विचारतात. मी त्यांना आधी हे प्रकरण सांगते. इथे ते सविस्तर लिहिते आहे, कारण त्या दोन दिवसांनी आमचं काम मुळापासून बदललं.

पात्र म्हणजे काय ते आम्हाला कळलंच नव्हतं

मुठेचं पुण्यातलं वागणं धरणांवर ठरतं. वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर, आणि शहराच्या तोंडाशी खडकवासला. चारही धरणांची मिळून साठवण साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातल्या खडकवासल्याची जेमतेम २. म्हणजे डोंगरात पाऊस लागला, वरून पाणी यायला लागलं की हे शेवटचं छोटं भांडं बघता बघता भरतं आणि ते सोडण्यावाचून गत्यंतर नसतं. सोडलेलं पाणी काही तासांत शहरात पोचतं. एकदा सकाळी विसर्गाचा आकडा काही हजार क्युसेकचा (सेकंदाला घनफूट) असतो, दुपारी तो दुप्पट झालेला असतो.

उरलेले आठ महिने याच्या अगदी उलट. धरणातलं पाणी कालव्यांतून आणि नळांतून जातं, आणि नदीत उरतं ते बहुतेक आपणच घरातून सोडलेलं सांडपाणी. काळी, बारीक धार एका बाजूने सरकत असते. बाकीचं पात्र उघडं पडतं. त्यात लोक गाड्या लावतात, म्हशी चरतात, मुलं क्रिकेट खेळतात, रात्री कोणी राडारोड्याचा टेम्पो रिकामा करून जातं. काठावरच्या लॉनमधल्या लग्नांचे कागदी पेले आणि थर्माकोलच्या वाट्या वाऱ्याने खाली येतात. ओढ्यांच्या तोंडाशी पिशव्यांचे थर साचतात. पुलावरून निर्माल्य पडतं. नोव्हेंबर ते जून हे सगळं जमत राहतं, आणि जुलैत एका रात्रीत पुढे जातं.

पुढे म्हणजे कुठे? संगमावर मुळा मिळते, तिथून मुळा-मुठा बंडगार्डन आणि खराडीवरून जात रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. भीमा उजनीत थांबते, आणि उजनीखाली पंढरपूर आहे, जिथे तिला आपण चंद्रभागा म्हणतो.

हा भूगोल आम्हाला तोंडपाठ होता. गटातल्या दोघांनी तर शाळांमधून त्यावर तक्ते लावले होते. तरीही पोती रचताना आमच्यापैकी एकालाही असं वाटलं नाही की आपण उभे आहोत ती जागा नदीची आहे आणि ती चोवीस तासांत तिथे येऊ शकते. उघडं पात्र पाहून पाहून आमच्याही डोळ्यांना ते मैदान वाटायला लागलं होतं.

शुक्रवार ते मंगळवार

शुक्रवारी मी आरोग्य कोठीवरच्या, म्हणजे महापालिकेच्या सफाई चौकीवरच्या, मुकादमांना फोन केला. भला माणूस. आधी चार-पाच वेळा त्यांनी स्वतः उभं राहून आमची पोती उचलून नेली होती. ते म्हणाले, "रविवारी गाडी नाही ताई, सोमवारी सकाळी पाठवतो." मी बरं म्हटलं. लेखी काही दिलं नाही, दुसऱ्या कोणाचा नंबर घेतला नाही. सोमवारी त्यांची बदली दुसऱ्या कोठीवर झाली आणि नव्या माणसाला आमच्या पोत्यांबद्दल काही ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. यात त्यांची चूक मी आजही धरत नाही. एका माणसाच्या शब्दावर ३१ पोती उघड्यावर ठेवायची, हा निर्णय आमचा होता.

पोती वर का नेली नाहीत, याचं उत्तरही साधं आहे. पाऊस होता, पायऱ्यांवर शेवाळ होतं, सगळे दमले होते, आणि ओलं पोतं दोघांनाही जड जातं. खाली रचली तर फोटोत मागे नदी येत होती, हेही खरं.

सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट वेगळीच आहे. सोमवारी दुपारी विसर्गाची सूचना आली. दरवर्षी येते तीच: नदीपात्रात कोणी उतरू नये, वाहने आणि जनावरे सुरक्षित स्थळी हलवावीत. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ती तीन जणांनी टाकली. एकाने भिडे पूल कधी पाण्याखाली जाईल याचा अंदाज वर्तवला. दोघांनी पावसाचे फोटो टाकले. पोती कोणालाच आठवली नाहीत. रविवारी दहा वाजता फोटो काढला तेव्हाच आमच्या मनातून तो कचरा संपला होता.

बुधवारची बैठक

गटातल्या एका काकांच्या घरी आम्ही जमलो. काका पाटबंधाऱ्याच्या कामातून निवृत्त झालेले अभियंते. ते म्हणाले की पाऊस, बदली आणि विसर्ग एकाच दिवशी येणं हा योगायोग आहे, त्यावरून सगळं काम वाईट ठरवू नका. काहींना ते पटलं. मग अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, म्हणाली, "सुटा कचरा झुडपांत, दगडांत तरी अडकला असता. निम्मा इथेच राहिला असता. आपण तो बांधून दिला." आणि थोडं थांबून, "वर ३१ पोती आपली. तीही प्लॅस्टिकचीच."

यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

आमच्यात ७४ वर्षांच्या एक आजी आहेत. त्यांच्या तरुणपणी त्यांनी वारी केली आहे, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून एकादशीला समोरच्या काठावर विठ्ठलवाडीच्या देवळात जातात. त्या इतकंच म्हणाल्या, "एकादशीला दर्शन घेतलं आणि आठ दिवसांत त्याच्या वाळवंटात कचरा धाडला." त्यांना रडू आलं. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि माझ्याने त्यांच्याकडे बघवलं नाही.

त्या रात्री ठरलेल्या गोष्टी अशा. गाडी काठावर उभी दिसल्याशिवाय पहिलं पोतं भरायचं नाही. गाडी नसेल तर त्या दिवशी फक्त पाहणी करायची, मोजायचं, लोकांशी बोलायचं. कचरा वेचणं साडेआठला थांबवायचं, मग तो वर नेणं हेच काम. जून ते सप्टेंबर पात्रात उतरायचंच नाही. आणि फोटो काढायचाच असेल तर गाडी निघताना काढायचा.

ऐकायला सोपं आहे. पहिल्या दोन महिन्यांत निम्मे लोक गळाले. रविवारी पहाटे उठून यायचं आणि गाडी नाही म्हणून नुसती पाहणी करून परत जायचं, हे कोणाला आवडेल? समोर कचरा दिसतोय आणि हात लावायचा नाही, याचा त्रास होतो. मलाही झाला. पण याच रिकाम्या रविवारांनी आम्हाला कोठीवर जाऊन बसायला, अर्ज द्यायला, दोन चालकांची आणि बदली मुकादमांची ओळख करून घ्यायला भाग पाडलं. ऑक्टोबरपासून महिन्यातून दोन रविवार गाडी ठरली आणि ती येऊ लागली.

पोत्यात काय आहे, हे मावशींनी दाखवलं

गाडी मिळाली तरी प्रश्न होताच. गाळाने माखलेलं, सगळं एकत्र कोंबलेलं पोतं पुढे उघडणार कोण? कोणीच नाही. ते जसंच्या तसं ढिगाऱ्यावर जातं. पुण्याच्या कचऱ्याचा ढिगारा म्हणजे वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी. तिथल्या गावांनी आपल्या विहिरींचं पाणी नासलेलं पाहिलं आहे. मुठेच्या काठावरून उचलून त्यांच्या उशाशी टाकायचं असेल तर त्याला सफाई का म्हणायचं?

या शहरात याचं ज्ञान असलेली माणसं आहेत. कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, पुण्यात १९९३ पासून आहे. त्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करते. आमच्या सोसायटीत येणाऱ्या साठीच्या मावशींना मी विचारलं, रविवारी याल का, जे ठरेल ते मानधन देऊ. मानधन हा शब्द आम्ही मुद्दाम पहिल्याच वाक्यात ठेवला. आम्ही हौशीने करतो ते त्यांचं पोट आहे, आणि त्यांनी आमच्या हौसेसाठी फुकट का राबावं?

मावशी पहिल्या दिवशी अर्धा तास नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी माझ्या हातातली गाळाने भरलेली पिशवी घेतली, उलटी धरून दोनदा झटकली, माती खाली पडली आणि पिशवी मूठभर उरली. "माती कशाला नेता ताई? ती नदीची आहे, तिला ठेवा. आपण पिशवी न्यायची."

इतकी साधी गोष्ट. आम्ही दोन वर्षं माती वाहत होतो.

त्यांनी काठावरच ताडपत्री अंथरायला लावली आणि वर्गवारी शिकवली. दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या, झटकून वाळवल्या तर भंगारात जातात. काच वेगळी, कारण ती हात कापते आणि पोतंही फाडते. कपडा वेगळा, आणि कपडा नदीत किती असतो ते पाहिल्याशिवाय पटत नाही: साड्या, गाद्यांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. ओला झाला की तोच सगळ्यांत जड. सुया आणि औषधांच्या कुप्या हाताने उचलायच्याच नाहीत, चिमट्याने जाड बाटलीत टाकून झाकण लावायचं. उरतात त्या वेफर्स-गुटख्याच्या चकचकीत पुड्या आणि मळलेल्या पातळ पिशव्या. पुडीत प्लॅस्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही. अशा मालाची बरी वाट म्हणजे सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जाणं, आणि तेही तो कोरडा आणि वेगळा असेल तर. महाराष्ट्रात पिशव्यांवर बंदीची अधिसूचना निघाली २३ मार्च २०१८ ला. ताडपत्रीवर बसून पिशव्या झटकताना ती तारीख मला दर वेळी आठवते.

वजनाचा मोह

पूर्वी आम्ही दर रविवारी किलो जाहीर करायचो. आकडा मोठा आला की दिवस चांगला. मावशींनी माती काढायला लावल्यावर आमचा आकडा कोसळला आणि काही जण खरोखर हिरमुसले. म्हणून एकदा एक जुन्या पद्धतीचं भरलेलं पोतं काकांच्या गच्चीवर आठ दिवस वाळवलं, झटकलं, पुन्हा तोललं. निम्म्याच्याही खाली आलं. बाकी सगळं पाणी आणि गाळ.

वजन वाढलं म्हणजे काम वाढलं की कचरा वाढला, हेही त्यावरून कळत नाही. जगभरात १९८६ पासून समुद्रकिनारे साफ करणारे स्वयंसेवक उचललेली प्रत्येक वस्तू नगावर मोजतात. त्यातलं सूत्र आम्ही उचललं: आपण किती नेलं यापेक्षा काय सापडतं ते लिहायचं. काठावर तीन ठिकाणी दहा पावलं लांब आणि दोन पावलं रुंद पट्टे खुंट्या ठोकून आखले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तेवढ्या पट्ट्यातली वस्तू न वस्तू वहीत लिहायची. एका पट्ट्यावर मार्चमध्ये कागदी पेले वाढायचे, तेव्हा वर लग्नं चालू असायची. दुसऱ्यावर, पुलाखालच्या, गुरुवारनंतर आणि सणांनंतर पिशव्या वाढायच्या, आणि जवळजवळ प्रत्येक पिशवीत फुलं. तिसरा ओढ्याच्या तोंडाशी होता, तिथे बारा महिने तेच.

वही पाहिल्यावर वादच मिटले. कोणाशी जाऊन बोलायचं ते वहीत दिसत होतं.

पुलावरचे गुरुवार

मार्गशीर्षातल्या गुरुवारांनंतर शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी-तिघी पुलावर उभ्या राहायला लागलो. कठड्याला जाळी आहे, पण लोक तिच्यावरून हात उंचावून पिशवी टाकतात. मी आधी समजावून सांगायचे: प्रदूषण, मासे, प्राणवायू. लोक ऐकून घ्यायचे आणि पिशवी टाकायचे. एका आजोबांनी स्पष्ट सांगितलं, "अहो, देवाची फुलं आहेत ती. कचऱ्यात टाकू का?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. ते कचरा करायला आलेच नव्हते, देवाची फुलं कोणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून आले होते. ही भावना चुकीची ठरवून काहीही होणार नव्हतं, आणि मला ती चुकीची वाटतही नाही. मग आमच्या आजी घरून तांब्याचं घंगाळ घेऊन आल्या. त्यात पाणी, तुळशीचं पान, शेजारी मोठी वेताची टोपली. आजी म्हणायच्या, "फुलं माझ्याकडे द्या, पाण्याला लावून टोपलीत ठेवते, त्याचं खत बागेला जाईल. पिशवी तेवढी तुम्ही घरी न्या." पिशवी परत घ्यायला नाही म्हणणारं फार थोडं भेटलं. ते आजोबाही दुसऱ्या आठवड्यात आले, घंगाळात स्वतः फुलं बुडवली, हात जोडले आणि पिशवीची घडी घालून खिशात ठेवली.

पुलाखालच्या पट्ट्यावर फरक पडला. तीन पट्ट्यांपैकी ठळक फरक तेवढा एकच. लॉनवाल्यांशी आमच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. एका ठिकाणच्या व्यवस्थापकाने नदीकडच्या कुंपणाला खालून बारीक जाळी लावली आणि पहाटे झाडून घेणं सुरू केलं, बाकीच्यांनी चहा पाजला.

ओढ्याच्या तोंडावरची जाळी, आणि आमची दुसरी चूक

तिसरा पट्टा हटत नव्हता म्हणून आम्ही ओढ्याच्या तोंडावर बांबू आणि मासेमारीच्या जुन्या जाळ्याचा आडोसा बांधला. उन्हाळ्यात तो छान चालला. दोन-तीन दिवसांनी साचलेलं काढून घ्यायचो. मेच्या अखेरीस वळवाचा एक जोराचा पाऊस झाला, जाळी पाऊण तासात पिशव्यांनी तुंबली आणि ओढ्याचं पाणी मागच्या घरांच्या दिशेने चढायला लागलं. तिथल्या दोन पोरांनी कोयत्याने दोर कापले म्हणून निभावलं.

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला होता. माणसं वाहून गेली, भिंती कोसळल्या. ओढा अडवणं म्हणजे काय, हे या शहरात तरी कोणाला सांगायला लागू नये, आणि आम्ही, नदीसाठी काम करणारे, तेच करून बसलो होतो. त्या घरांमध्ये जाऊन आम्ही माफी मागितली. एका बाईंनी फार ऐकवलं. ऐकून घेण्यासारखंच होतं ते.

आता जाळी फक्त डिसेंबर ते एप्रिल असते, एका बाजूने मोकळी, जोर आला की आपोआप सुटेल अशी, आणि तिची जबाबदारी त्या दोन पोरांकडे आहे. त्यांना त्याचे पैसे मिळतात. ओढ्याच्या वरच्या वस्तीत कचरा रोजच्या रोज का उचलला जात नाही, हा पाठपुरावा त्यांच्या आयांनी हातात घेतला आहे. तो आमच्या जाळीपेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

मोठ्या संख्येचा रविवार

एका कंपनीचे ८० कर्मचारी एकदा आले. उत्साह मनापासूनचा होता. पण प्रत्येकाला पाण्याची छोटी बाटली आणि नाश्त्याचा खोका वाटला गेला आणि वर्गवारी करायला आम्ही दहाच जण. कोणी कोयत्याने काठावरची वाळुंजाची रोपं 'झुडपं' म्हणून साफ केली. वाळुंज, करंज, उंबर हीच झाडं पुराच्या पाण्यात काठ धरून ठेवतात. खडीवर टिटवीने घातलेली चार अंडी पायाखाली गेली. टिटवी दुपारपर्यंत ओरडत तिथेच घिरट्या घालत होती.

तेव्हापासून एका वेळी पंचविसापेक्षा जास्त माणसं नाहीत. मार्च ते मे खडीच्या भागात जायचं नाही. लाकूड, पाला, गवत उचलायचं नाही. काठ उघडाबोडका करणं आणि स्वच्छ करणं यांत फरक आहे, हे दर वेळी पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल तर वर ताडपत्रीवर काम. आणि पाण्याला हात लावायचा नाही, कारण ते सांडपाणी आहे.

ही शेवटची ओळ मी मुद्दाम लांबवते आहे. आमच्या कामाने मुठेचं पाणी सुधारलेलं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीटप्पे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. त्यात मुठाही आहे. नदीतला प्राणवायू खाऊन टाकतं ते मैलापाणी, आणि ते पोत्यात भरता येत नाही. मुळा-मुठेसाठी जपानच्या मदतीने मंजूर झालेली ११ शुद्धीकरण केंद्रांची योजना दिवसाला ३९ कोटी ६० लाख लिटर क्षमतेची आहे. त्या मापाच्या कामाला पर्याय म्हणून कोणी आमच्याकडे बोट दाखवलं तर आम्ही ते मान्य करत नाही. रविवारी काठावर येणाऱ्याला आम्ही हेही सांगतो, आणि हे ऐकूनही जे पुढच्या वेळी येतात ते वर्षानुवर्षं येत राहतात.

२५ जुलै २०२४

त्या दिवशी खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर गेला. आमच्या टप्प्याच्या वरच्या अंगाला, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घराघरांत शिरलं. आमचं एकही पोतं पात्रात नव्हतं, ताडपत्र्या आणि चिमटे वर होते. त्याचं समाधान वाटायची ती वेळ नव्हती.

पाणी ओसरल्यावर ऑगस्टमध्ये वरच्या रस्त्याच्या कडेपर्यंत गाळ होता. आमच्या तिन्ही पट्ट्यांच्या खुंट्या गेल्या होत्या. पात्रात न उतरता कडेकडेने काम सुरू केलं आणि पहिल्याच तासात सगळ्यांचे हात मंदावले. गाळातून निघत होतं ते रोजचं नव्हतं. वह्या. लग्नाचा अल्बम, पानं एकमेकांना चिकटलेली. लहान मुलाची सायकल. तसबिरी. एक स्टीलचा डबा, झाकण घट्ट बसलेलं, आत कागद असावेत असा आवाज येणारा.

मावशींनी एक वेगळं पोतं मागितलं. त्यात त्या एकेक वस्तू पुसून ठेवत गेल्या. मी सवयीने दोरी घेऊन पुढे झाले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "याचं तोंड बांधू नका, ताई. कुणी शोधत येईल."

ते पोतं आम्ही पुलाजवळच्या चहाच्या टपरीत उघडं ठेवलं आणि बाहेर पाटी लावली. तीन आठवडे लोक येऊन वाकून बघत होते आणि रिकाम्या हाताने जात होते. चौथ्या रविवारी एक बाई आल्या, डबा उचलला, कानाशी धरून हलवला, आणि तिथेच पायरीवर बसल्या. चहावाल्याने त्यांना पाणी दिलं. त्या गेल्यावर उरलेल्या वस्तूंची मावशींनी ताडपत्रीवर वर्गवारी केली, मी वहीत नोंद केली आणि पोती चढवली. गाडी नऊ वाजून दहा मिनिटांनी निघाली.